चेंडू हातात नाही, तर वाट मोकळी: बेस अडवण्याचा नियम, निवाडा आणि सराव

बेसबॉलच्या आंतरशालेय सामन्यात हे दृश्य ठरलेलं आहे. दुसऱ्या बेसवरून सुटलेला रनर तिसऱ्याकडे धावतोय, लेफ्ट फिल्डमधून थ्रो निघालाय, आणि तिसऱ्या बेसवरचा मुलगा एक गुडघा जमिनीला टेकवून बेसच्या पुढ्यातच बसलाय. चेंडू अजून दहा-बारा मीटर लांब आहे. रनर स्लाइड करतो, म्हणजे जमिनीवरून घसरत येतो, त्याचा पाय बेसला लागायच्या ऐवजी फिल्डरच्या नडगीवर जाऊन थडकतो, तेवढ्यात चेंडू येतो आणि टॅग बसतो, म्हणजे चेंडू धरलेला ग्लोव्ह रनरला लागतो. अंपायर दोन्ही हात वर करून खेळ थांबवतो, रनरला तिसरा बेस देतो. लगेच सीमारेषेवरून आवाज येतो, "अहो सर, त्याने काही मुद्दाम नाही केलं!"

मुद्दाम केलं की नाही, याचा या नियमाशी काडीचा संबंध नाही. इंदूरमध्ये बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणारी बहुतेक मुलं क्रिकेट खेळत मोठी झालेली असतात, आणि शिकवणारे पीटी सरही. क्रिकेटच्या नियम ४१.५ मध्ये क्षेत्ररक्षकाने फलंदाजाला अडवणं किंवा फसवणं तेव्हाच दंडनीय ठरतं, जेव्हा ते जाणूनबुजून केलेलं असतं. मग ५ धावांचा दंड होतो. ती सवय डोक्यात ठेवून बेसबॉलचा निवाडा करायला गेलं की गाडी घसरते. बेसबॉलचा अंपायर फिल्डरच्या मनात डोकावत नाही. तो फिल्डरचे पाय कुठे होते आणि त्या क्षणी चेंडू कुठे होता, एवढंच पाहतो.

नियम नेमका काय म्हणतो

अधिकृत बेसबॉल नियमांत ऑब्स्ट्रक्शनची व्याख्या एका वाक्यात आहे: ज्या फिल्डरकडे चेंडू नाही आणि जो चेंडू अडवण्याच्या किंवा घेण्याच्या कृतीतही नाही, त्याने रनरच्या वाटचालीत अडथळा आणला तर ते ऑब्स्ट्रक्शन. म्हणजे अंपायरने स्वतःला तीन प्रश्न विचारायचे, तेही याच क्रमाने.

पहिला, चेंडू फिल्डरच्या ताब्यात होता का? ताबा म्हणजे हातात किंवा ग्लोव्हमध्ये घट्ट, स्थिर धरलेला चेंडू. ग्लोव्हमध्ये उडणारा, छातीवर आपटून खाली येणारा, मनगटावर नाचणारा चेंडू ताब्यात धरला जात नाही. ताबा असेल तर फिल्डर बेससमोर भिंतीसारखा उभा राहू शकतो, तो त्याचा हक्कच आहे.

दुसरा, ताबा नव्हता तर तो चेंडू घेण्याच्या कृतीत होता का? सगळी भांडणं इथे होतात. फटक्याचा चेंडू आणि फेकलेला चेंडू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बॅटवरून आलेला चेंडू अडवणाऱ्या फिल्डरला वाटेचा पहिला हक्क असतो. रनरने त्याला वळसा घालायचा, नाहीतर इंटरफिअरन्स (रनरने फिल्डरला अडवणं) म्हणून रनरच आउट. फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत हा हक्क फार आखूड आहे. चेंडू थेट फिल्डरच्या दिशेने हवेत असेल आणि इतका जवळ आला असेल की तो घ्यायला त्याच जागी उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही, तरच फिल्डरला सूट मिळू शकते.

"इतका जवळ" म्हणजे किती, हे नियमात फुटा-मीटरमध्ये लिहिलेलं नाही. ते अंपायरच्या नजरेवर सोडलं आहे. पण ढोबळ हिशोब करून पाहिला की नजर तयार होते. शालेय मुलाचा बरा थ्रो सेकंदाला २० मीटर वेगाने जातो असं धरा. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. तेवढं अंतर कापायला चेंडूला साधारण १.४ सेकंद लागतात. सेकंदाला ६ मीटर धावणारा रनर तेवढ्या वेळात आठ मीटरहून जास्त पुढे येतो. म्हणजे थ्रो हातातून सुटताच जो फिल्डर वाट अडवून बसतो, तो रनरची शेवटची आठ मीटर बिघडवतो: त्याने स्लाइड कुठे सुरू करायची, कोणत्या बाजूने घुसायचं, सगळंच. चेंडू चार मीटरवर आल्यावर मात्र गोष्ट वेगळी. आता ०.२ सेकंद उरला आहे आणि त्यात रनर जेमतेम सव्वा मीटर सरकेल. अशा वेळी थ्रोच फिल्डरला वाटेत ओढून आणत असेल, तर अंपायर सूट देण्याचा विचार करू शकतो.

चेंडू सुटला की ही सूट तिथल्या तिथे संपते. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगची अंतिम मालिका; तिच्यातल्या २६ ऑक्टोबर २०१३ च्या तिसऱ्या सामन्याचा शेवट यावरच झाला. सेंट लुइस कार्डिनल्स आणि बॉस्टन रेड सॉक्स ४-४ वर होते, नववी इनिंग चालू होती. बॉस्टनच्या कॅचरचा (होम प्लेटमागचा फिल्डर) तिसऱ्या बेसकडचा थ्रो त्याच संघाच्या विल मिडलब्रुक्सच्या हाती न लागता मागे लेफ्ट फिल्डकडे गेला. मिडलब्रुक्स आडवा पडलेला होता आणि रन पुरा करायला होमकडे निघालेला कार्डिनल्सचा अॅलन क्रेग त्याच्यात अडखळून पडला. तिसऱ्या बेसजवळचे अंपायर जिम जॉइस यांनी लगेच ऑब्स्ट्रक्शन दाखवलं. क्रेगला होमवर टॅग लागला, तरी रन दिला गेला आणि सामना ५-४ असा संपला. पडलेल्या माणसाने करायचं तरी काय, असा प्रश्न तेव्हा जगभर विचारला गेला. नियमाचं उत्तर कोरडं आहे: चेंडू मागे गेला त्या क्षणी तू चेंडू घेण्याच्या कृतीत राहिला नाहीस, आता तू वाटेतला अडथळा आहेस.

तिसरा प्रश्न, रनरला खरंच अडथळा झाला का? अंगाला अंग लागलंच पाहिजे असं नाही. वेग कमी करावा लागला, वळसा घ्यावा लागला, स्लाइडची दिशा बदलावी लागली, तरी पुरे. पण फिल्डर चुकीच्या जागी उभा आहे आणि रनर अजून पंधरा मीटर लांब, त्याची चाल जराही बदललेली नाही, तर ऑब्स्ट्रक्शन नाही. नुसतं चुकीच्या जागी उभं राहणं हा गुन्हा नव्हे.

सामना कोणत्या नियमपुस्तकावर आहे, हे आधी ठरवा

आपल्याकडे एकच मुलगी सकाळी सॉफ्टबॉल आणि पुढच्या महिन्यात बेसबॉल खेळते, आणि तेच सर दोन्हीकडे अंपायर असतात. नियम मात्र सारखे नाहीत. सॉफ्टबॉलमध्ये थ्रो "येतच होता" ही सबब चालत नाही. चेंडू ताब्यात हवा, किंवा फिल्डर फटक्याचा चेंडू अडवत असला पाहिजे. सॉफ्टबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन झाल्यावर खेळ लगेच थांबतही नाही: अंपायर डावा हात मूठ वळून आडवा धरतो, खेळ चालू राहतो आणि निवाडा नंतर होतो. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या लिटल लीग बेसबॉलनेही "चेंडू जवळ आला होता" ही सूट काढून टाकली आहे. ताबा नसेल तर बेस अडवायचा नाही, विषय संपला.

आमचं मत स्पष्ट आहे. १४ वर्षांखालच्या स्पर्धांत आयोजकांनी लिटल लीगसारखाच कडक नियम लावावा आणि तो माहितीपत्रकात छापावा. बारा वर्षांच्या फिल्डरला चेंडू चार मीटरवर आहे की सहा, हे धावत्या रनरकडे बघत ठरवता येत नाही, आणि नवख्या अंपायरलाही येत नाही. "हातात चेंडू, मगच वाटेत पाय" हे मात्र दोघांनाही कळतं. सामन्याआधी होम प्लेटपाशी दोन्ही कर्णधार आणि प्रशिक्षक जमतात, तेव्हा हे एक वाक्य मोठ्याने सांगून टाकावं.

अंपायरने करायचं काय

अधिकृत बेसबॉल नियमांत, म्हणजे नियम ६.०१(एच) मध्ये, दोन वाटा आहेत.

पहिली वाट: ज्या रनरला अडवलं, त्याच्यावरच त्या क्षणी डाव चालू आहे (म्हणजे त्यालाच आउट करायचा प्रयत्न चालू आहे), किंवा बॅटर पहिल्या बेसला पोहोचायच्या आत अडवला गेला. अशा वेळी "टाइम" म्हणताना करतात तसेच दोन्ही हात वर करायचे आणि चेंडू तिथेच मृत. अडवलेल्या रनरला त्याने शेवटचा कायदेशीर स्पर्श केलेल्या बेसच्या पुढचा किमान एक बेस मिळतो. बाकीचे रनर अडथळा नसता तर जिथे पोहोचले असते असं अंपायरला वाटतं, तिथे जातात. यातला "किमान एक" लोकांना धक्का देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये रनर सापडलाय, रन-डाउन (फिल्डरांनी दोन्हीकडून कोंडी करणं) चालू आहे, तो जीव घेऊन दुसऱ्याकडे परत पळतोय आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) चेंडू नसताना आडवा आला. रनरला मिळतो तिसरा बेस! तो मागे जात होता, हे इथे मोजत नाहीत. हात वर करण्याआधीच एखादा थ्रो हवेत असेल आणि तो भलतीकडे गेला, तर वाइल्ड थ्रोचे बेसही द्यावे लागतात.

दुसरी वाट: अडवलेल्या रनरवर डाव चालू नाही. उदाहरणार्थ, चेंडू अजून आउटफिल्डमध्येच घरंगळतोय आणि पहिल्या बेसचा फिल्डर वळणाऱ्या रनरच्या पुढ्यात उभा राहून फटका बघतोय. इथे अंपायरने बोट दाखवून "ऑब्स्ट्रक्शन" असं स्पष्ट म्हणायचं आणि खेळ चालू ठेवायचा. सगळी हालचाल थांबली की "टाइम" घ्यायचा आणि अडथळ्याने जेवढं नुकसान झालं तेवढंच भरून द्यायचं. अडथळा नसता तर रनर तिसऱ्यापर्यंत गेला असता असं वाटत असेल आणि तो तिसऱ्याच्या वाटेत टॅग झाला, तरी तिसरा त्याचाच. पण तिसऱ्याच्याही पुढे होमकडे पळत सुटला, तर पुढची जोखीम त्याची. तिथे टॅग झाला तर तो आउट.

दुसऱ्या वाटेत अडथळा होताच एक आकडा मनात पक्का करायचा: "हा रनर तिसऱ्यापर्यंत." तो आकडा शेवटी आठवायला गेलात तर रनर कुठे पोहोचला ते पाहून निर्णय बदलतो, आणि तिथेच अन्याय होतो. डावाच्या शेवटी "कसं वाटलं" याला किंमत नाही. अडथळ्याच्या क्षणी रनर कुठे होता, किती वेगात होता आणि चेंडू किती लांब होता, यावर ठरवायचं.

दुसरी अडचण जागेची. शालेय सामन्यात बहुधा दोनच अंपायर असतात आणि त्यांची नजर चेंडूच्या मागे जाते. चेंडू पाहूच नका असं नाही. पण फेक सुटली की एकदा चेंडू, एकदा बेस, परत चेंडू, अशी नजर फिरली पाहिजे. बेसपाशी रनरच्या धावरेषेला काटकोनात, तीन-चार मीटरवर उभं राहिलं की बेसची पुढची कडा, फिल्डरचे पाय आणि ग्लोव्ह एकाच नजरेत येतात. रनरच्या मागून पाहिलंत तर त्याच्या पाठीने सगळं झाकून जातं.

पिकऑफच्या (बेसपासून पुढे सरकलेल्या रनरला अचानक फेकून टिपण्याच्या) वेळचा पहिला बेस अंपायरांकडून सर्रास सुटतो. पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, पहिल्याकडे फेकतो, फिल्डर चेंडू येण्याआधीच गुडघा टेकवून बेसचा कोपरा झाकतो, परतणाऱ्या रनरचा हात त्या गुडघ्याला लागतो आणि टॅग होतो. सगळं अर्ध्या-पाऊण सेकंदात. "टॅग आधी लागला" म्हणून आउट देऊन मोकळं होणं सोपं असतं. पण हात अडला तो कशामुळे, हे पाहिलंच पाहिजे. इथे डाव त्याच रनरवर आहे, म्हणून पहिली वाट लागू होते आणि त्याला थेट दुसरा बेस मिळतो. मेजर लीग बेसबॉलने २०२४ च्या हंगामात अंपायरांना बेस अडवणाऱ्या अशा इनफिल्डरांवर कडक नजर ठेवायला सांगितलं.

तक्रार आली तर? अडथळा झाला की नाही हा अंपायरच्या नजरेचा निर्णय आहे, त्यावर प्रोटेस्ट (अधिकृत हरकत) होत नाही. नियम चुकीचा लावला असेल तर मात्र विचारता येतं. प्रशिक्षकाने "टाइम" मागून शांतपणे विचारावं, "सर, त्याच्यावर डाव चालू होता असं धरलंत की नव्हता?" या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, आणि बऱ्याचदा खरी चूक इथेच सापडते: खेळ चालू ठेवायला हवा होता आणि थांबवला, किंवा उलट.

होम प्लेटचा वेगळा नियम

२५ मे २०११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत फ्लोरिडा मार्लिन्सच्या स्कॉट कझिन्सने होमकडे येताना कॅचर बस्टर पोझीला धडक दिली. पोझीच्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले आणि त्याचा तो हंगाम संपला. तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. २०१४ मध्ये मेजर लीगने होम प्लेटवरच्या धडकांसाठी स्वतंत्र नियम आणला. आज तो ६.०१(आय) म्हणून ओळखला जातो.

त्याच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या. रनरने होमकडची सरळ वाट सोडून कॅचरवर आदळायला जायचं नाही; गेला तर आउट. कॅचरने चेंडू ताब्यात नसताना रनरची वाट अडवायची नाही. अडवली आणि रनरला अडथळा झाला तर रनर सेफ. एकच सवलत आहे: थ्रो घ्यायला त्या जागी जाण्यावाचून इलाजच नव्हता आणि धडक टाळता येणं शक्य नव्हतं, असं अंपायरला वाटलं तर कॅचरचा दोष धरत नाहीत.

थ्रो कुठून येतोय यावर ही सवलत बरीचशी अवलंबून असते. लेफ्ट फिल्डमधून येणारा थ्रो कॅचरला आपोआप तिसऱ्या बेसच्या रेषेकडे खेचतो. राइट फिल्डच्या थ्रोसाठी मात्र कॅचरला त्या रेषेवर जाऊन उभं राहण्याचं कारणच नसतं.

पाय कुठे ठेवायचे

इथे प्रशिक्षकांनी वेळ घालवावा, कारण नियम पाठ करून पाय सुधारत नाहीत.

कॅचर: प्लेटच्या पुढे, मैदानाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं. डावा पाय प्लेटच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याजवळ, बोटं तिसऱ्या बेसच्या दिशेला. प्लेटचा मागचा भाग रनरला दिसत राहिला पाहिजे. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की डाव्या पायावर वळून खाली जायचं आणि दोन्ही हातांनी, चेंडू ग्लोव्हमध्ये दाबून धरून टॅग करायचा. बोटं तिसऱ्याकडे ठेवण्यामागे सुरक्षेचं साधं गणित आहे. अशा उभ्या राहण्यात रनर आदळलाच तर तो नडगीच्या गार्डवर समोरून आदळतो आणि गुडघा आपल्या नैसर्गिक दिशेने वाकतो. पाय आडवा असेल तर धक्का गुडघ्याच्या बाजूने बसतो, आणि गुडघ्याचे अस्थिबंध तिथेच जातात.

दुसरा आणि तिसरा बेस: बेसच्या दोन्ही बाजूंना पाय, मध्ये बेस, आणि रनरच्या बाजूची कडा पूर्ण उघडी. गुडघे वाकवलेले, पण जमिनीला टेकलेले नाहीत. चेंडू आला की ग्लोव्ह थेट बेसच्या पुढच्या कडेशी न्यायचा आणि रनरला ग्लोव्हवर येऊ द्यायचं. वाट अडवण्याची गरजच उरत नाही, कारण रनरला शेवटी त्याच कडेला यावं लागतं. पुष्कळ मुलं गुडघा आधी टेकवतात, कारण त्यांना चेंडू मागे जाण्याची धास्ती असते. मग सरावात चेंडू अडवण्यावर वेगळं काम करा. बेसवर गुडघ्याची भिंत बांधून ती भीती लपवू देऊ नका.

पहिला बेस, पिकऑफ: उजवा पाय बेसच्या पिचरकडच्या आतल्या कोपऱ्याला लागून, डावा पाय होमकडे. दुसऱ्या बेसकडून परतणाऱ्या रनरला बेसची मागची, आउटफिल्डकडची बाजू मोकळी मिळते.

पहिला बेस, इनफिल्डच्या फटक्यावर: पाय बेसच्या आतल्या कडेला, मधोमध कधीच नाही. धावत येणारा बॅटर बेसच्या पुढच्या-बाहेरच्या भागावर पाय टाकतो. मधोमध पाय ठेवलात तर त्याची टाच तुमच्या घोट्यावर येणार. पिचर बेस झाकायला आला तर त्याने रेषेला समांतर, आतल्या बाजूने पळत यावं, आतल्या कडेला पायाचा स्पर्श करावा आणि मैदानाच्या आत वळावं.

फटका आउटफिल्डमध्ये गेल्यावर पहिल्या बेसच्या फिल्डरने आत सरकायचं. वळण घेणारा रनर बेसच्या आधी रेषेबाहेर जाऊन कमानीत येतो, त्यामुळे फिल्डर आत राहिला तर धडकेचा प्रश्न येत नाही आणि रनरने बेसला स्पर्श केला का, हेही त्याला नीट दिसतं.

खोटा टॅग, म्हणजे चेंडू नसताना टॅगची हुलकावणी, लहान गटात पूर्ण बंद ठेवा. अमेरिकन शालेय नियमांत ते ऑब्स्ट्रक्शनच आहे. रनर न ठरवता, उशिरा आणि चुकीच्या अंतरावर स्लाइड करतो, आणि घोटा मुरगळतो तो अशाच वेळी.

रनरलाही दोन गोष्टी सांगून ठेवा. फिल्डर वाटेत आहे म्हणून खांदा मारण्याचा परवाना मिळत नाही. जाणूनबुजून मारलेल्या धडकेने मिळालेला बेसही जातो. आणि अंपायर नक्की देईल या भरवशावर थांबायचं नाही. धावत राहायचं, बेसला स्पर्श करायचा. बेस मिळाला तरी वाटेतले बेस शिवावेच लागतात.

सरावाचे तीन प्रकार

पहिला, उघडी पट्टी. बेसच्या पुढच्या कडेपासून रनरच्या दिशेने ३ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद पट्टी आखा. प्रशिक्षक १५ मीटरवरून मऊ चेंडू किंवा टेनिसचा चेंडू फेकतो. फिल्डरचा पाय किंवा गुडघा चेंडू ग्लोव्हमध्ये बसण्याआधी पट्टीत आला तर ती फेक बाद. प्रत्येकाला दहा फेक. पहिल्या आठवड्यात रनर नकोच. पाय सुधारले की अर्ध्या वेगाने धावणारा रनर आणा, मग स्लाइड.

दुसरा, खराब थ्रो. मुद्दाम एक-दीड मीटर रेषेकडे सरकलेले आणि उसळणारे चेंडू फेका. फिल्डरने बेस सोडून चेंडूकडे जायचं आणि चेंडूसह परत येऊन टॅग करायचा. बेस सोडायची भीती गेली की बेस अडवण्याची खोड निम्म्याने जाते. चेंडू मागे गेलाच तर लगेच उठून बाजूला होण्याची सवयही इथेच लावा. मिडलब्रुक्सची गोष्ट तिथेच सांगा.

तिसरा प्रकार अंपायरांसाठी. एक जण मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये चित्रित करतो, अंपायर निर्णय देतो आणि कारण तीन शब्दांत सांगतो: ताबा, कृती, अडथळा. मग चित्रफीत पाहायची. चुकलेले निर्णय बहुतेक जागेमुळे चुकतात, नियमामुळे नाही, हे दोन-चार फेऱ्यांतच दिसून येतं.

मैदान आणि साहित्य

चिमणबागेचं मैदान असो वा शाळेमागचं पटांगण, इंदूरची काळी माती दोन टोकांची आहे: उन्हाळ्यात भेगा पडलेली आणि दगडासारखी, पावसात चिकट आणि घसरडी. भेगेत अडकलेला पाय स्लाइडमध्ये वळतो. प्रत्येक बेसभोवती दोन मीटरचा भाग आदल्या संध्याकाळी पाणी मारून, सकाळी ३-४ सेंटिमीटर भुसभुशीत करून, खडे वेचून ठेवा. हवी तर चाळलेली वाळू मिसळा. मुरूम टाकू नका, मांडी सोलून निघते.

रेषा आखायला बांधकामाचा चुना वापरण्याची पद्धत सोडून द्या. तो ओल्या डोळ्यात किंवा जखमेत गेला तर भाजतो, आणि डोकं पुढे करून स्लाइड करणाऱ्याचं तोंड नेमकं त्याच रेषेवर येतं. खडूची भुकटी, संगमरवराची पूड किंवा साधी पांढरी रांगोळी चालते.

बेस लोखंडी खिळ्यांनी ठोकलेले असतील तर खिळ्याचं डोकं मातीच्या खाली गेलंच पाहिजे. दर इनिंगनंतर हाताने चाचपून पाहा, डोळ्याने नाही. धक्का बसताच सुटून येणारे ब्रेकअवे बेस मिळाले तर उत्तम. सॉफ्टबॉलमधला जोड बेस पहिल्या बेसवर जरूर वापरा: पांढरा भाग फिल्डरचा, फाउल बाजूचा रंगीत भाग धावणाऱ्या बॅटरचा. दोन पायांना दोन जागा मिळाल्या की अर्ध्या धडका संपतात. मेजर लीगनेही २०२३ पासून बेस १५ इंचांवरून १८ इंच चौरस केला, त्यात जागा वाढवून टक्कर कमी करणं हाही हेतू होता. लहान गटात धातूच्या खिळ्यांचे बूट बंद ठेवा.

कॅचरला मास्क, छातीचं कवच आणि नडगीचे गार्ड सरावातही सक्तीचे. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम असतं. छातीवर नेमक्या क्षणी बसलेला चेंडू क्वचित प्रसंगी हृदय थांबवू शकतो. मूल कोसळलं, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर लगेच १०८ ला फोन आणि छातीवर दाब: मिनिटाला १०० ते १२०, साधारण ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असेल तर ताबडतोब लावा. धडकेनंतर डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरकडे पाठवणी. "थोडं पाणी पी, बरं वाटेल" म्हणून परत मैदानात उतरवायचं नाही.

स्कोअरबुकात

ऑब्स्ट्रक्शनमुळे बेस दिला गेला, तर ज्या फिल्डरने अडवलं त्याच्या नावावर एक एरर (फिल्डरची चूक) लिहायची. बेस कितीही मिळाले तरी एकच. स्कोअररच्या मते त्या अडथळ्याने डावात काहीच फरक पडला नसेल, तर एरर लिहायची नाही. एररपुढे "ऑब्स्ट्रक्शन" असा शेरा टाकून ठेवा, म्हणजे हंगामाअखेर कोणत्या बेसवर कोणाचे पाय पुन्हा पुन्हा वाटेत येतात ते वही चाळताच कळतं.